आईच्या नावावरचा कोबी

१२ जानेवारी

आईंना नमस्कार,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही घाबरला असाल, म्हणून आधी तेच सांगतो. घाबरण्यासारखं काही नाही. जे होतं ते निभावलं आहे. तुमच्या लेकीच्या पायाला प्लास्टर आहे. गेल्या महिन्याच्या शेवटी डेपोत बस लावून खाली उतरताना शेवटच्या पायरीवरून तिचा पाय सटकला आणि घोट्याचं हाड तडकलं. आठ आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

हे घरी कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली आहे. कारण तुम्हाला ठाऊक आहे. बाबांनी त्यांच्या नकाशांच्या कार्यालयात चिकटवून दिलेली नोकरी सोडून ती बस चालवायला लागली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून बापलेकीत शब्द नाही. आता बाबांना कळलं तर ते म्हणतील, 'मी सांगत नव्हतो?' आणि ते नाही म्हणाले तरी हिला ते ऐकू येईल.

फोन करणार होतो. पण फोन बाबाच उचलतात, आणि तुम्हाला फोनवर निम्मंच ऐकू येतं. मागच्या खेपेला मी 'बढती मिळाली' म्हणालो, तर तुम्ही कुठली बरणी मिळाली म्हणून विचारत राहिलात. म्हणून हे पत्र तुमच्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. उत्तर माझ्या ग्रंथालयाच्या पत्त्यावर द्या.

आता मुद्द्याचं. घरात सध्या स्वयंपाक मी करतो. ही दोन घास खाते आणि ताट सरकवते. खिडकीशी बसून जाणाऱ्या बसकडे बघत राहते. परवा मी फारच मागे लागलो, तेव्हा एवढंच म्हणाली, "आई डब्याला करायची तो कोबी मिळाला असता तर खाल्ला असता."

मी कंबर कसली. कोबी म्हणजे पानांचाच गठ्ठा, आणि पानं हाताळण्यात माझी अठरा वर्षं गेली. पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला कोबी काय अवघड, असं वाटलं. चिरून कुकरला लावला आणि चार शिट्ट्या केल्या. झाकण उघडलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई वर आल्या आणि तुमची मोरी तुंबली आहे का म्हणून विचारून गेल्या.

तेव्हा तुमची कृती लिहून पाठवा. काहीही गाळू नका.

तुमचा जावई

१९ जानेवारी

जावईबापू,

पत्र वर्गातच उघडलं आणि वाचता वाचता एका बाईच्या ब्लाउजला बाही उलटी जोडून बसले. एवढं मोठं होऊन तीन आठवडे झाले आणि मला आज कळतंय. तुमच्यावर रागावणार होते, पण कुकरची हकीकत वाचून राग टिकला नाही.

ठकूला जपा. लहानपणीही पडली की रडायची नाही, नुसती गप्प बसायची. ती गप्प बसली की समजायचं, जोराचं लागलंय. 'ह्यां'ना मी काही बोललेले नाही. सेवानिवृत्त झाल्यापासून दिवसभर घरात असतात, माझ्या चेहऱ्यावरची माशी हलली तरी त्यांना कळतं. म्हणून पत्र मशिनच्या खणात रिळांच्या खाली ठेवलंय.

आता कोबी. सोपा आहे अगदी. बारीक चिरायचा. तेलात मोहरी, हिंग, हळद घालायची. मिरच्या घालायच्या. थोडी डाळ घालायची. मग कोबी घालून पाणी घालायचं, झाकण ठेवायचं आणि शिजला की उतरवायचा. मीठ चवीपुरतं. सगळं अंदाजानंच असतं, लिहून काय सांगणार? हात बसला की जमतं.

कोमट दूध देत जा. पाय उशीवर उंच ठेवायला सांगा. आणि मला दर आठवड्याला चार ओळी तरी लिहा, नाहीतर मी सगळ्या बायकांच्या बाह्या उलट्या जोडीन.

आई

२७ जानेवारी

आईंना नमस्कार,

तुम्ही सांगितल्याबरहुकूम केलं. डाळ कुठली ते तुम्ही लिहिलं नव्हतं, मी तुरीची घातली. पाणी किती तेही नव्हतं, मी दोन वाट्या घातलं. जे तयार झालं ते आमटी म्हणून वाढलं असतं तर खपलं असतं.

हिनं चमचाभर तोंडात घातलं आणि चार आठवड्यांत पहिल्यांदा हसली. तेवढ्यावर मी खूश होतो. ही कृती ग्रंथालयातल्या एका पुस्तकातून उतरवली असं मी सांगितलं. ती म्हणाली, "पुस्तकात असेल. आईच्या कोबीत पाण्याचा थेंब नसायचा. डबा आडवा झाला तरी दप्तराला डाग पडायचा नाही. आणि दाताखाली कुरकुर वाजायचा."

आई, राग मानू नका, पण तुम्ही पाणी घालायला सांगितलं होतंत. काही लिहायचं राहून गेलं का? की इतक्या वर्षांत तुम्हाला विसर पडला?

हसण्याचं लिहिलं, पण पुढचंही लिहायला हवं. काल डेपोचे साहेब भेटायला आले होते. पाय बरा झाल्यावर हवं तर टेबलाचं काम देतो असं त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं. ही त्यांना 'विचार करते' म्हणाली. गेल्या दोन वर्षांत हिच्या तोंडून मी हे दोन शब्द ऐकले नव्हते. ते गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "पायरीवरून पडणाऱ्या बाईच्या हाती साठ माणसं कशाला द्यायची?" पुढे विषय वाढवू दिला नाही.

मला बोलून समजूत घालता येत नाही. मला जमलं तर ताटात काहीतरी वाढणं जमेल. म्हणून पुन्हा विचारतो.

तुमचा जावई

३ फेब्रुवारी

जावईबापू,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आता खरं सांगते. तो कोबी मी करत नव्हते. हे करायचे.

माझी शाळा सकाळची होती. साडेपाचला घर सोडावं लागे. ह्यांचं कार्यालय दहाचं. तेव्हा सासूबाई आमच्याकडे होत्या. मुलानं चुलीशी उभं राहिलेलं त्यांना मुळीच खपलं नसतं, आणि सून शाळेत शिकवते म्हणून मुलाला रांधावं लागतं हे तर त्याहून खपलं नसतं. म्हणून हे साडेचारला उठून, त्या जाग्या व्हायच्या आत, ठकूचा डबा करून मोकळे व्हायचे. फोडणीवर झाकण धरायचे. तरी मोहरी तडतडलीच, तर मी मुद्दाम खोकायचे. सासूबाई सगळ्यांना सांगत, सुनेला पहाटेचा खोकला आहे. मला काढे पाजले त्यांनी वर्षभर.

ठकू उठायची तेव्हा डबा भरलेला असायचा आणि हे पेपर वाचत बसलेले असायचे. आईनं केला, असं हेच तिला सांगायचे. पुढे सासूबाई गेल्या, तरी ते तसंच राहिलं. ठकू सगळ्या मैत्रिणींना सांगायची, माझ्या आईसारखा कोबी कुणाला येत नाही. मीही मान डोलवायची. फुकटचं कौतुक सोडवत नाही हो माणसाला.

आता पंचाईत अशी, की ठकू गेल्यापासून दोन वर्षं आमच्या घरात कोबी आलेला नाही. हे आणू देत नाहीत. तरी मी शनिवारी गड्डा आणून ओट्यावर ठेवला आणि शिवणवर्गातल्या बायकांना न्यायचाय, तुम्ही करून द्या म्हणाले. "तुझ्या वर्गातल्या बायकांना हात नाहीत का?" असं म्हणाले. तासाभरानं बघते तर डाळ भिजत घातलेली.

मी भाजी निवडायचं सोंग करून शेजारी बसले आणि मापाच्या वहीत सगळं उतरवलं. लिहून घ्या. चण्याची डाळ दोन तास भिजवायची. कोबी गवताच्या पात्यासारखा चिरायचा, मधला दांडा काढून टाकायचा. चिरल्यावर धुवायचा नाही, आधी धुवायचा. तेल चांगलं तापल्यावर मोहरी, मग हिंग, हळद, कढीपत्ता, उभ्या चिरलेल्या मिरच्या. आधी डाळ निथळून घालायची आणि ती बोटानं मोडेल इतपत वाफवायची. मग आच मोठी करून कोबी. त्यानंतर पाणी नाही, झाकण नाही, आणि कढईपासून हलायचं नाही. हे ओठांत आकडे मोजत परततात. तीनशेला थांबले. मीठ अगदी शेवटी, कारण आधी घातलं की पाणी सुटतं. चिमूटभर साखर. खाली उतरवून वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू.

वर्गातल्या बायकांनी डबा चाटूनपुसून खाल्ला. हे मात्र जेवायला बसले आणि कोबी वाढून न घेताच उठले.

ठकूला यातलं काही सांगू नका. एवढ्या वर्षांचं खोटं पत्रातून उघडं पडलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

आई

९ फेब्रुवारी

आईंना नमस्कार,

जमला. चिरायला मी पुस्तकांच्या कडा कापायची सुरी धार लावून घरी आणली. डाळीशी थोडी झटापट झाली, बाकी तुमचं पत्र समोर धरून पुढे गेलो. तीनशेपर्यंत मोजलं. डॉक्टरीणबाई आजही वर आल्या, पण वाटी घेऊन.

हिच्यापुढे ताट ठेवलं आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो. परत आलो तर अर्धा कोबी संपलेला आणि हिचे डोळे वाहत होते. पोळीनं ताट पुसून घेऊन शेवटचा घास खाल्ला आणि म्हणाली, "तू आईला कळवलंस." मी कबूल केलं. ती रागावली नाही. "बरं केलंस" म्हणाली, आणि पुन्हा थोडा वाढ म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्याकडे दुसरी भाजी शिजलेली नाही. परवा कच्च्या कोबीची पचडी केली, दाण्याचं कूट आणि वरून फोडणी. काल बेसन घालून वड्या वाफवल्या. त्या कापताना चौकोन इतके सरळ आले की हिनं एक वडी कडेला धरून, पुस्तकासारखी उघडते का बघितली. हिचं हसू परत आलंय. बसचं मात्र अजून बोलत नाही.

आता माझी अडचण ऐका. जेवताना ती रोज तुमचं कौतुक करते, आणि त्याला जोडून बाबांना टोमणा मारते. म्हणते, "आई पहाटे उठून राबायची आणि बाबा पेपरात डोकं खुपसून बसायचे. एकाही दिवशी छान झालाय म्हणाले नाहीत." मी घास तसाच गिळतो. आई, मला हे पोटात ठेवणं अवघड चाललंय. ती बाबांवर दोन गोष्टींसाठी रागावलेली आहे आणि त्यातली एक तरी खोटी आहे. सांगू का? तुम्ही परवानगी दिलीत तरच सांगेन.

तुमचा जावई

१४ फेब्रुवारी

श्री. बाइंडर यांस,

मशिनला तेल घालण्यासाठी खण काढला असता तुमची तीन पत्रं सापडली. दुसऱ्याची पत्रं वाचणं वाईट, हे मला मान्य आहे. वाचली.

माझ्या बायकोनं पाठवलेली कृती मी तिच्या मापाच्या वहीत पाहिली, तीत पुढील चुका आहेत. तुमच्याकडे तिचं पत्र आहे, ते दुरुस्त करून घ्यावं.

तीनशे हा आकडा आमच्या कढईचा आणि आमच्या शेगडीचा आहे. तुमची कढई पातळ असेल तर कमी लागेल. आकडा महत्त्वाचा नाही, वास महत्त्वाचा आहे. कोबीचा कच्चा उग्र वास जातो आणि गोडसर वास सुरू होतो, त्या क्षणी मीठ घालावं.

गवताच्या पात्यासारखा हा शब्द मोघम आहे. जाडी सोबत काढून पाठवत आहे, प्रत्यक्ष मापात. गड्डा उभा चार भागांत कापून, दांडा तिरका काढून, मग आडवा चिरावा. त्याचीही आकृती दिली आहे.

हळद तिला दिसली त्याच्या निम्मीच असते.

पाय कुठला, हे तुमच्या एकाही पत्रात नाही. बायकोनंही विचारलेलं दिसत नाही. उजवा असेल तर ब्रेक आणि वेग दोन्ही त्याच पायावर असतात, आणि घाई करून चालणार नाही. प्लास्टर निघाल्यावर रोज व्यायाम घ्यावा लागेल. डावा असेल तर क्लचचा प्रश्न आहे, तोही साधा नाही. मी येथील ग्रंथालयातून बसगाड्यांवरचं पुस्तक आणून वाचलं, त्यात हे आहे.

टेबलाचं काम तिनं घेऊ नये, असं माझं मत आहे. ती आठ महिने माझ्या हाताखाली टेबलावर होती. मी तिला बघत होतो. झाड कुंडीत वाळावं तशी ती वाळत होती, आणि ते मला दिसत असून मी तिला बसवून ठेवलं होतं.

हे तिला सांगू नये. कोबीचंही सांगू नये.

आपला,
सासरा

२१ फेब्रुवारी

बाबा,

उजवा.

तुमचं पत्र मला दाखवायचं नव्हतं. तुमच्या जावयानं ते ग्रंथालयातून खिशातून आणलं, आणि आकृती बघत कोबी चिरता यावा म्हणून मसाल्याच्या डब्याला टेकवून उभं केलं. मी कुबड्या घेऊन पाणी प्यायला आत गेले. तुमचं अक्षर मला दारातूनच ओळखू आलं. तसं उभं, रांगेत लावल्यासारखं अक्षर जगात दुसऱ्या कुणाचं नाही. तो बिचारा पत्रापुढे आडवा झाला, पण त्याच्या हातात सुरी होती आणि माझ्या हातात दोन कुबड्या.

मी ओट्याशी स्टुलावर बसून वाचलं. मग त्याच्याकडून आईची पत्रंही घेतली आणि तीही वाचली. आपल्या घरात सगळेच एकमेकांची पत्रं वाचतात असं दिसतं.

दहा वर्षं मी तुमच्या हातचं खाल्लं आणि तुमच्याच समोर बसून आईचं गुणगान केलं. तुम्ही पेपर खाली करून एकदाही 'अगं, मी केलाय' म्हणाला नाहीत. याचा मला राग आलाय की काय झालंय, ते मला अजून कळत नाही. रडू आलं एवढं खरं.

आणि बाबा, मी कार्यालय सोडलं तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणालात की पोरीनं माझं नाव घालवलं. मीही जे बोलले ते बोलायला नको होतं. वाळत होते हे तुम्हाला दिसत होतं, तर तेव्हा हेच का नाही म्हणालात? एवढं एक वाक्य पुरलं असतं मला.

येत्या गुरुवारी प्लास्टर काढणार आहेत. मला भीती वाटते. पायाची नाही. परत त्या सीटवर बसायची. हे मी ह्यालाही सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते आहे.

पुस्तकातले व्यायाम मला पत्रातून कळणार नाहीत. तुम्ही येऊन दाखवा.

ठकू

८ मार्च

आईंना नमस्कार,

बाबा आज सकाळच्या गाडीनं निघाले. तुमचा गुडघा दुखत होता म्हणून तुम्ही आला नाहीत, असं ते सांगत होते. तुमचा गुडघा कधी दुखतो हे आम्हाला आता बरोबर कळायला लागलं आहे.

आठ दिवसांची हकीकत थोडक्यात लिहितो. पहिल्या दिवशी दार मी उघडलं. बाबांनी पिशवी खाली ठेवली, हिच्या पायाकडे बघितलं, तोंडाकडे नाही, आणि मला म्हणाले, सूज अजून आहे. हीही मला म्हणाली, त्यांना सांग, डॉक्टर म्हणाले राहील थोडे दिवस. दोन हातांवर बसलेली ही दोन माणसं दिवसभर माझ्यामार्फत बोलत होती. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो, मुद्दामच. परत आलो तर बाबा खुर्चीच्या पाठीला टॉवेल बांधून तो हिच्या तळपायात अडकवून ओढायला लावत होते आणि मोजत होते. ती 'पुरे' म्हणत होती आणि ते 'अजून पाच' म्हणत होते. मी चपला न काढता परत खाली जाऊन एक चक्कर मारून आलो.

आता चौथ्या दिवसाचं सांगतो, तुम्हाला तेच ऐकायचं असेल. बाबा कोबी करत होते. ही पहिल्यांदाच कुबड्यांशिवाय, ओट्याला धरून त्यांच्या शेजारी उभी होती. मी दाराशी लसूण सोलत बसलो होतो. हिनं विचारलं, "आजी गेल्यावर तरी का नाही सांगितलंत?"

बाबा परतत राहिले. मग म्हणाले, "डबा घेताना तू आईच्या फोटोला हात लावून जायचीस. ती शाळेत गेलेली असायची. तुला सकाळी आई दिसायची नाही, तेवढं तरी तिचं तुझ्या दप्तरात असावं असं वाटलं."

ही त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. बाबांचे दोन्ही हात हळदीनं माखलेले, ते त्यांनी हवेत धरले होते, काय करावं ते न कळून. शेवटी म्हणाले, "नाव घालवलंस म्हणालो, ते चुकलं माझं." आणि मग, "बाजूला हो, खाली लागेल."

खाली लागलाच. करपलेला कोबी आम्ही तिघांनी खाल्ला. बाबांनी दोनदा वाढून घेतला.

हिची पहिली पाळी एक एप्रिलला आहे. तिनं साहेबांना टेबल नको म्हणून कळवलं. तरी अजून थोडी धास्ती आहेच, हे मला तिच्या झोपेवरून कळतं.

गुडघ्याला जपा.

तुमचा जावई

५ एप्रिल

आई,

फोनवर मी ओरडून सांगितलं की बाबा माझ्या गाडीत बसलेत, आणि तू 'हसलेत? कशाला हसलेत?' म्हणून चिडलीस. दोन्ही खरं आहे. आता नीट लिहून सांगते.

पहिल्या दिवशी डेपोतून गाडी बाहेर काढताना तर पाय पेडलवर आहे की नाही तेच कळेना. तुझा जावई पहिल्या थांब्यावर उभा राहून चढला, दुसऱ्याला उतरला आणि कामावर गेला. त्यापुढे मी एकटी. पहिली फेरी कशी संपली ते आठवत नाही. दुसऱ्या फेरीत जरा श्वास आला, आणि आरशात लक्ष गेलं. शेवटच्या सीटवर एक माणूस पेपर डोळ्यांसमोर धरून बसला होता. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.

शेवटच्या थांब्याला सगळे उतरले. हा माणूस हलेना. आमचे कंडक्टर भले गृहस्थ आहेत. त्यांनी जाऊन विचारलं, काका, कुठं उतरायचंय? पेपराच्या मागून आवाज आला, जिथं चढलो तिथंच. मला आवाज ऐकू आला आणि मी सीटवरच वळून बसले.

तुला चष्म्याच्या दुकानात जातो सांगून निघाले होते ना? पहाटेची गाडी पकडून आले होते. मला आधी सांगितलं असतं तर मी त्यांच्यासाठी म्हणून चालवली असती, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, मग कशी चालवली? म्हणाले, वळणांना चांगली, थांब्यांना जरा गचके बसतात, उजवा पाय अजून ताठ आहे, टॉवेलचा व्यायाम सोडू नकोस. मग पेपराची घडी घातली.

परतीच्या फेरीला गाडी गच्च भरली. बाबा पुढे येऊन माझ्या मागच्या दांड्याला धरून उभे राहिले. एक बाई भाजीची पिशवी सांभाळत त्यांच्याजवळ उभ्या होत्या. माझ्याकडे बघून त्या बाबांना म्हणाल्या, बाई चालवतेय हो, जपून चालवते पण. तुला माहीत आहे ना, बाबा ओळखीच्या माणसांना काय सांगायचे? मुलगी परिवहनात आहे. एवढंच. पुढं कुणी विचारलं तर खाकरायचे.

आई, मी रस्त्याकडे बघत होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. फक्त ऐकू आलं. त्यांनी एकदा खाकरलं. मग त्या बाईंनाच नाही, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझी मुलगी आहे ती."

पुढचा थांबा मी एकही गचका न देता घेतला.

ठकू